पुणे–पंढरपूर सायकल वारी : मोठा समूह घेऊन रस्ता सुरक्षितपणे कसा पार करावा

आषाढी एकादशीच्या आधीच्या आठवड्यांत पुणे, नाशिक, मुंबई आणि इतर अनेक शहरांतून सायकलस्वारांचे जथे पंढरपूरच्या दिशेने निघतात आणि त्यांत एवढे अंतर आयुष्यात प्रथमच कापणारे बरेच जण असतात. एकटा सायकल चालवणारा माणूस समोरचा रस्ता पाहत असतो, तर समूहात चालवणाऱ्याला मुख्यतः पुढच्याची पाठ दिसते. रांगेतील पहिल्या स्वाराला खड्डा दिसतो, तो हलकेच बाजूला होतो, दुसरा कसाबसा सावरतो आणि चौथा किंवा पाचवा त्यात पडतो. त्यामुळे मोठ्या समूहाच्या सुरक्षिततेचा सगळा विचार एका प्रश्नाभोवती करावा लागतो : पहिल्याला जे दिसले ते शेवटच्यापर्यंत वेळेत कसे पोहोचवायचे? पुढील मार्गदर्शन हडपसर, दिवे घाट, सासवड, जेजुरी, नीरा, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर आणि वाखरी या संत ज्ञानेश्वर महाराज पालखी मार्गाला धरून केले आहे. मात्र त्यातील पद्धती कोणत्याही लांब पल्ल्याच्या सामूहिक राइडला लागू पडतील.

तारीख, परवानगी आणि वेळेचे गणित

तारीख ठरवताना पालखी सोहळ्याचे वेळापत्रक समोर ठेवावे. माउलींची पालखी आळंदीहून निघाल्यानंतर या मार्गाचे अनेक टप्पे टप्प्याटप्प्याने वाहनांसाठी बंद होतात आणि रस्त्यावर लाखो वारकरी पायी चालत असतात. त्या गर्दीत सायकलींचा जथा घालणे हे वारकऱ्यांनाही धोक्याचे असते. प्रस्थानाच्या आधीचा शनिवार-रविवार त्या मानाने बरा पडतो. हा मार्ग पुणे, सातारा आणि सोलापूर अशा तीन जिल्ह्यांतून जातो, म्हणून पोलिसांना द्यायचे पत्र एकाच ठिकाणी देऊन भागत नाही. पुणे शहराबरोबरच पुणे ग्रामीण, सातारा आणि सोलापूर ग्रामीण पोलिसांना मार्ग, वेळ, सहभागींची संख्या आणि जबाबदार व्यक्तीचा मोबाइल क्रमांक लेखी कळवावा. पोलिसांची गाडी पुढे मिळाली तर उत्तमच, पण तिच्या भरवशावर आखणी करू नये. हद्द संपली की ती गाडी परत फिरते आणि तोपर्यंत मोकळ्या रस्त्याची सवय झालेला जथा अचानक नेहमीच्या रहदारीत येऊन पडतो.

एकूण अंतर दोनशे किलोमीटरहून थोडे अधिक आहे. ते एका दिवसात पुरे करण्याचा मोह आयोजकांना होतो, कारण मुक्कामाची व्यवस्था आणि खर्च वाचतो. माझे स्पष्ट मत असे आहे की शंभराहून अधिक मिश्र क्षमतेच्या स्वारांना एका दिवसात पंढरपूरला नेऊ नये. फलटणपर्यंत सुमारे ११० किलोमीटर होतात. तेथे किंवा नातेपुत्यात मुक्काम केला तर दोन्ही दिवशी दुपारी दोन-अडीचपर्यंत सायकली थांबवता येतात. पावसाच्या तोंडावर वळवाचे ढग साधारणपणे दुपारनंतरच चढतात, आणि थकलेल्या स्वाराची नजर व हात नेमके त्याच वेळी मंदावलेले असतात. ठरावीक वेळेत पोहोचणाऱ्यांनाच पदक देण्याची प्रथाही अशा राइडमध्ये नसावी, कारण ज्याला थांबायला हवे तोच त्या पदकासाठी थांबत नाही.

मार्गाची पाहणी सायकलवरून करावी

पाहणी गाडीत बसून केली तर ती निरुपयोगी ठरते, कारण सायकलीच्या बारीक चाकाला जे दगा देते ते गाडीतल्या माणसाला जाणवतही नाही. एक पाहणी आठ-दहा दिवस आधी आणि दुसरी आदल्या दिवशी, अशा किमान दोन व्हाव्यात. दोघांनी मिळून जावे. एकाने रस्ता पाहावा आणि दुसऱ्याने थांबून नोंद करावी. नोंदीत किलोमीटर, जवळची ठळक खूण, रस्त्याची बाजू आणि तेथे नेमके काय करायचे, या चार गोष्टी असाव्यात. ‘नीरेच्या अलीकडे रस्ता खराब’ अशा नोंदीचा कोणाला उपयोग नाही. ‘पेट्रोल पंपानंतर डावीकडे साइडपट्टी अर्धा फूट खाली, एकेरी रांग, पांढऱ्या पट्टीच्या आत राहावे’ अशी नोंद मात्र स्वयंसेवकाच्या हातात दिली तरी पुरते.

पालखी मार्गाचे, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ९६५ च्या चौपदरीकरणाचे भूमिपूजन नोव्हेंबर २०२१ मध्ये झाले आणि तेव्हापासून या रस्त्याचे रूप बदलत आले आहे. त्यामुळे मागच्या वर्षीची नोंदवही यंदा चालत नाही. जेथे नवा रस्ता तयार असतो तेथे वेग वाढतो आणि धोका वेगळ्या रूपात येतो : पुलांच्या सांध्यांवरील लोखंडी पट्ट्या, गावाजवळ सेवारस्त्यातून अचानक मुख्य रस्त्यावर येणाऱ्या दुचाक्या, आणि दुभाजकातील फट जवळ पडते म्हणून उलट्या बाजूने येणारे ट्रॅक्टर. जेथे काम चालू असते तेथे पसरलेली खडी, वळणरस्त्यावरचा चिखल आणि रातोरात जागा बदलणारे बॅरिकेड यांचा विचार करावा लागतो. कडेने वारकऱ्यांसाठी पदपथ आहेत. ते पायी चालणाऱ्यांसाठी आहेत आणि गावाजवळ, फाट्यांवर ते तुटतात, म्हणून समूह त्यांवरून नेऊ नये.

मोठे खड्डे ठळक करण्यासाठी मैदानावर आखणीला वापरतात ती चुन्याची फक्की टाकण्याची पद्धत आहे. कोरड्या रस्त्यावर ती उत्तम दिसते. पहिल्याच सरीत वाहून जाते आणि खड्डाही पाण्याने भरून रस्त्यासारखाच दिसू लागतो. म्हणून जी पाच-सात ठिकाणे खरोखर घातक आहेत तेथे झेंडा घेतलेला माणूसच उभा करावा. हा माणूस खड्ड्याशेजारी उभा राहिला तर त्याचा फार उपयोग होत नाही. ताशी २५ किलोमीटर वेगाने सायकल एका सेकंदाला सुमारे सात मीटर जाते, म्हणजे पन्नास मीटर अलीकडे उभा असलेला स्वयंसेवक समूहाला सात सेकंद देतो, आणि एका रांगेत येण्यासाठी तेवढा वेळ लागतोच. उतारावर हे अंतर दुप्पट धरावे.

समूहाची बांधणी

दोनशे सायकलस्वार जोडीजोडीने एकत्र निघाले तर शंभर ओळी होतात, आणि प्रत्येक ओळीला चार मीटर धरले तरी रांग चारशे मीटर लांब होते. दुपदरी रस्त्यावर एसटीच्या चालकाला एवढी रांग एका दमात ओलांडता येत नाही. तो मध्येच समोरून वाहन आले म्हणून डावीकडे दाबतो आणि तेथे सायकली असतात. यात चूक त्याची म्हणावी की रांग लावणाऱ्याची, हा वाद घालण्यापेक्षा त्याला परत आत येण्यासाठी जागा ठेवणे शहाणपणाचे आहे. बारा ते पंधरा जणांचे गट करावेत आणि ते दोन-दोन मिनिटांच्या अंतराने सोडावेत. ताशी वीस किलोमीटर वेगाने दोन मिनिटांत सहाशे मीटरहून अधिक अंतर पडते. पुढे ते कमी-जास्त झाले तरी दोनशे मीटरच्या आत येऊ देऊ नये. वेगवान गट आधी सोडावेत, म्हणजे एका गटाने दुसऱ्याला ओलांडण्याचे प्रसंग कमी येतात, कारण तशा वेळी चार-चार सायकली आडव्या होऊन अर्धा रस्ता व्यापतात.

प्रत्येक गटाला एक पुढचा आणि एक शेवटचा अनुभवी स्वार असावा. पुढच्याचे काम वेग स्थिर ठेवणे, धोका पाहणे आणि तो सांगणे हे आहे. शेवटच्याला, ज्याला सायकलस्वार स्वीप म्हणतात, मागून येणारी वाहने सांगायची असतात आणि कोणीही त्याच्या मागे राहणार नाही हे पाहायचे असते. माझ्या मते दोघांत अधिक भरवशाचा माणूस शेवटी हवा, मात्र बहुतेक ठिकाणी उलटे होते : दमदार माणूस पुढे जातो आणि स्वीपच्या जागी ज्याला नाही म्हणता आले नाही तो येतो.

इशारे आधीच ठरवावेत आणि सुरुवातीला पाच मिनिटे सर्वांकडून मोठ्याने म्हणवून घ्यावेत. हाताने डावीकडे किंवा उजवीकडे खाली बोट दाखवणे म्हणजे त्या बाजूला खड्डा, तळहात मागे करून दाखवणे म्हणजे थांबतो आहे, पाठीमागे हात नेऊन एका बाजूला हलवणे म्हणजे त्या बाजूला सरका. पण खराब रस्त्यावर हात हँडलवरून काढणेच धोक्याचे असते, म्हणून तोंडी इशारा हाच मुख्य मानावा. तो दोन शब्दांचा असावा आणि त्यात बाजू आधी यावी : ‘डावीकडे खड्डा’, ‘पुढे ब्रेकर’, ‘मागून गाडी’, ‘एकेरी, एकेरी’. नुसते ‘माउली, माउली, सांभाळून!’ असे ओरडल्याने भाव पोहोचतो, माहिती पोहोचत नाही. इशारा ऐकणाऱ्या प्रत्येकाने तो आपल्या मागच्यासाठी पुन्हा उच्चारला पाहिजे. समूहातील हा नियम सर्वांत जास्त वेळा मोडला जातो. तालीम घेताना पुढच्याने हळूच एक इशारा द्यावा आणि तो स्वीपपर्यंत जसाच्या तसा पोहोचतो का, हे तपासावे. कानात इअरफोन घातलेल्या स्वाराला गटात घेऊ नये.

दोन सायकलींमध्ये कोरड्या रस्त्यावर किमान एका सायकलीएवढे अंतर ठेवावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपले पुढचे चाक समोरच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला, म्हणजे शेजारी घुसलेले, कधीच राहू देऊ नये. समोरचा खड्डा चुकवायला जरासा सरकला की दोन्ही चाके एकमेकांना घासतात आणि मागचा माणूस हमखास पडतो. समोरच्याला बहुधा काही होतही नाही. गप्पा मारत जाताना हे नकळत होते. रस्ता रुंद, मोकळा आणि दृष्टिपथ लांब असेल तेव्हाच जोडीने चालवावे. घाट, गाव, पूल, वळण आणि दुरुस्तीचा टप्पा आला की एकेरी रांग धरावी.

मार्गावरील काही खास धोके

दिवे घाटात गट मोडू द्यावा. चढावर प्रत्येकाची ताकद वेगळी असते आणि समूह एकत्र ठेवण्याच्या हट्टापायी मागचे धापा टाकत नागमोडी जाऊ लागतात, तर बाजूने भरलेले ट्रक चढत असतात. प्रत्येकाने आपल्या गतीने, डावी कड धरून, एकेरी चढावे. ज्याला दम लागला त्याने उतरून सायकल ढकलावी आणि त्यात कमीपणा मानू नये. वरून मस्तानी तलाव फार सुंदर दिसतो आणि म्हणूनच प्रत्येक वळणावर कोणीतरी छायाचित्रासाठी थांबलेला असतो. घाटात थांबण्यास सक्त मनाई असल्याचे आदल्या रात्री आणि सकाळी, असे दोनदा सांगावे आणि छायाचित्रांसाठी घाटमाथ्यापलीकडे रस्त्यापासून दूर असलेली जागा ठरवून द्यावी.

गतिरोधकांच्या बाबतीत गावाची पाटी दिसली की गतिरोधक आहे असेच धरून चालावे. शाळेजवळ आणि फाट्यांवर ते रंग न दिलेले असतात, आणि त्यांच्या आधी रंबलरच्या, म्हणजे वाहन खडखडवणाऱ्या उंचवट्याच्या, पट्ट्या असतील तर हँडल घट्ट आवळण्याऐवजी कोपर सैल ठेवून, पायडलवर किंचित उभे राहून त्या पार कराव्यात. जेजुरी, वाल्हे, नीरा या पट्ट्यात पुणे–मिरज लोहमार्ग जवळून जातो. ज्या ठिकाणी रूळ ओलांडावे लागतील तेथे चाक रुळाला शक्य तितके काटकोनात न्यावे आणि पाऊस असेल तर सरळ उतरून चालत जावे. पावसाळी गटारांवरील जाळ्यांच्या फटी रस्त्याच्या दिशेने असतील तर बारीक टायर त्यात थेट अडकतो. अशी प्रत्येक जाळी पाहणीच्या वहीत असलीच पाहिजे.

पावसाच्या सुमारास कोकणातून परतणारे धनगरांचे कळप फलटण आणि माळशिरस तालुक्यांत रस्त्यावर भेटतात. घंटी वाजवून किंवा ओरडून मेंढ्यांमधून वाट काढू नये, कारण एक मेंढी बिथरली की सगळा कळप आडवा पळतो. गटाने दूरवरच थांबावे, मेंढपाळाला हाक मारून विचारावे आणि तो सांगेल त्या बाजूने चालत जावे. कळपाबरोबरची कुत्री राखणदार असतात. त्यांच्या आणि मेंढ्यांच्या मध्ये जाऊ नये. गावातील कुत्रे मागे लागले तर वेग वाढवण्याने उलट अपघात होतो, विशेषतः गटात. पुढच्याने वेग कमी करावा, सर्वांनी रांग राखावी आणि शेवटी बाटलीतले पाणी उडवावे.

एक छोटी सूचना : सायकलीला भगवी पताका लावण्याची हौस समजण्यासारखी आहे, पण काठी मागच्या चाकाच्या आसाला घट्ट बांधलेली आणि कापड चाकापासून, तसेच शेजाऱ्याच्या हँडलपासून वर असावे. लांब उपरणे, लोंबती चिपळी आणि हँडलला अडकवलेली पिशवी ही सगळी निघण्यापूर्वीच काढून घ्यावीत.

पाऊस

सलग दोन-तीन तास पडणाऱ्या पावसापेक्षा पहिली पंधरा-वीस मिनिटे अधिक निसरडी असतात, कारण उन्हाळाभर साचलेली धूळ, तेल आणि टायरचे रबर पाण्यात मिसळून वर तरंगते. या वेळात गटाने थांबणेच उत्तम. ते शक्य नसेल तर सायकलींमधील अंतर दुप्पट करावे. रिमवर दाबणारे ब्रेक ओले झाले की चाकाचा एखाद-दुसरा फेरा होईपर्यंत पकडत नाहीत, म्हणून उतारावर ते आधीच हलके दाबून रिम पुसून घ्यावी. झेब्रा पट्टे, लोखंडी झाकणे आणि रस्त्यात बसवलेले चमकते खिळे यांवर वळू नये आणि ब्रेकही दाबू नये. टायरमधील हवा नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवली तर पकड सुधारते. पाणी साचलेल्या जागेतून कधीही जाऊ नये, मग ते कितीही उथळ दिसो.

वीज कडाडू लागली तर राइड थांबवण्याचा अधिकार एकाच माणसाकडे असावा आणि त्याचे नाव आदल्या दिवशी सर्वांना माहीत असावे. गटप्रमुखांनी आपापसात मत आजमावत बसू नये. थांबायचे ते मंगल कार्यालय, शाळा किंवा अशाच पक्क्या इमारतीच्या आत. झाडाखाली किंवा उघड्या माळावर नव्हे. म्हणूनच दर दहा-पंधरा किलोमीटरवरील अशा जागा पाहणीतच हेरून, मालकांशी बोलून ठेवाव्यात. नाश्ता आणि पाण्याचे थांबेही नेहमी डाव्या बाजूलाच घ्यावेत. समोरच्या बाजूचा पोहेवाला कितीही चांगला असला तरी दोनशे सायकली रस्ता ओलांडून नेणे हा त्याचा योग्य मोबदला नव्हे.

दिवसभर मागचा लाल दिवा चालू ठेवावा आणि रेनकोट भडक रंगाचा घ्यावा. दमट हवेत नुसते पाणी पीत राहिल्यानेही थकवा, मळमळ आणि गोंधळल्यासारखे होते. ओआरएस किंवा मीठ-साखर-लिंबू यांचे पाणी थांब्यावर असावे.

अपघात झाल्यास

पडलेल्याकडे सगळ्यांनी धावणे, ही स्वाभाविक प्रतिक्रिया दुसऱ्या अपघाताला निमंत्रण देते. आधी स्वीपने मागे किमान पन्नास मीटर जाऊन झेंडा दाखवून वाहतूक सावध करावी, उरलेल्यांनी सायकली पूर्णपणे रस्त्याबाहेर घ्याव्यात आणि प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतलेल्या एका-दोघांनीच जखमीजवळ बसावे. मान किंवा पाठ दुखत असेल, हातापायांत मुंग्या असतील किंवा शुद्ध हरपली असेल तर त्याला उचलू नये. श्वासाला अडथळा नसेल तर हेल्मेटही ओढून काढू नये. वाहते रक्त स्वच्छ कापडाने दाबून धरावे. डोक्याला मार लागलेला माणूस दोन मिनिटांत उठून ‘काही नाही झालं, चला’ म्हणतो. त्याला त्या दिवशी पुन्हा सायकलवर बसू देऊ नये, मग त्याची कितीही समजूत काढावी लागो.

रुग्णवाहिकेसाठी महाराष्ट्रात १०८, पोलीस व इतर तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे क्रमांक प्रत्येकाच्या बिब क्रमांकाच्या, म्हणजे अंगावर लावायच्या क्रमांकपट्टीच्या, मागे छापावेत. तेथेच नाव, रक्तगट, नेहमीची औषधे आणि घरच्यांचा क्रमांक असावा. स्वतःची रुग्णवाहिका असेल तर ती पुढे मिरवण्याऐवजी शेवटच्या गटाच्या मागे ठेवावी, आणि दुसरी मिळाली तर मध्यावर. सासवड, जेजुरी, फलटण, अकलूज आणि पंढरपूर येथील कोणत्या रुग्णालयात त्या दिवशी अस्थिरोगतज्ज्ञ व क्ष-किरणाची सोय उपलब्ध आहे, हे आदल्या दिवशी फोन करून विचारावे. वाटेतले गावकरी मदतीस कचरले तर त्यांना सांगावे की मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १३४-अ आले असून, सद्भावनेने मदत करणाऱ्याला त्यामुळे कायदेशीर संरक्षण आहे.

वाखरीपासून पुढे

वाखरीत सर्व गटांनी थांबावे. पंढरपूर हाकेच्या अंतरावर आल्यासारखे सगळे येथे उत्साहात असतात आणि शेवटच्या काही किलोमीटरांत शर्यत लागते. येथे मोजणी करावी, ज्यांचे डोळे व हात थकलेले दिसतात त्यांना सपोर्ट गाडीत घ्यावे आणि शहरात फक्त एकेरी रांगेत, चालण्याच्या वेगाच्या आसपास प्रवेश करावा. मंदिर परिसरातील गल्ल्यांत सायकल चालवू नये. ती ठरवलेल्या मैदानावर लावून दर्शनाला पायी जावे.

परतीची व्यवस्था बहुधा ढिली असते. सायकली टेम्पोत आणि माणसे बसमध्ये, असे ठरलेले असते. पण टेम्पोचालक पहाटेपासून सपोर्ट गाडीवर असेल तर त्यालाच रात्री पुण्यापर्यंत गाडी चालवायला लावू नये, परतीसाठी विश्रांती घेतलेला दुसरा चालक घ्यावा. काही स्वार परस्पर नातेवाइकांच्या गाडीने जातात किंवा उत्साहात सायकलनेच परतीला निघतात. त्यांनी गटाच्या स्वीपला तसे लेखी कळवल्याखेरीज निघू नये, आणि यादीतील प्रत्येक नावापुढे ‘घरी पोहोचला’ अशी नोंद होईपर्यंत मुख्य संयोजकाने आपला फोन बंद करू नये.